चॉकलेटी पावडर

आमच्या प्रोटीन पावडरीत कोको घालायचं माझ्या थोरल्या जावेनं सुचवलं. तोवर आम्ही बचत गटातल्या बायका मोड आणलेली नागली म्हणजे नाचणी, भाजके चणे आणि शेंगदाणे दळून साधी पावडर विकत होतो. भातसानगरच्या वसाहतीतून मागणी यायची, ती म्हाताऱ्या माणसांसाठी. पोरं तिला तोंड लावत नसत. जावेची धाकटी तर पेला दिसला की परसात पळायची. मग जावेनं बाजारातून सुटा कोको आणला आणि थोडा पावडरीत मिसळून दूध पुढं केलं. पोरीनं पेला चाटून पुसून रिकामा केला, वर आणखी मागितलं. तेव्हापासून आमची पावडर चॉकलेटी झाली. मुरबाडकडचा एक मुलींचा कबड्डी संघही ती घेऊ लागला.

पुढं शहापूरच्या एका मोठ्या दुकानात पुडे ठेवायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "आधी लॅबमधून तपासून आणा. गिऱ्हाईक विचारतं आजकाल." आम्ही नमुना पाठवला. घरचं धान्य, घरची भाजणी, त्यात काय निघणार, असंच वाटत होतं.

लॅबमधल्या बाईंचा फोन मला आला. "तुमच्या पावडरीत शिसं आहे. चालतं त्याहून बरंच जास्त."

"शिसं म्हणजे पेन्सिलीतलं?"

"नाही हो. शिसं धातू, बॅटरीत असतो तो. अंगात साठत जातो, लहान मुलांना जास्त बाधतो. विक्री आजच थांबवा."

मी सांगायला गेले तेव्हा जाऊ चुलीपुढं नागली भाजत होती. ऐकलं आणि तिचा हात थांबला. कढईतून करपल्याचा वास यायला लागला, तरी ती हलली नाही. "माजी पोर रोज पिते गो," एवढंच म्हणाली. कढई मीच उतरवली.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आम्ही शहापूरला डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासायला बाहेर पाठवावं लागलं. रिपोर्ट येईपर्यंत जाऊ धड जेवली नाही. पोर अंगणात उड्या मारत असायची आणि ही दारात बसून तिच्याकडं बघत राहायची. शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. "थोडं वाढलंय, पण वेळेवर कळलं. पावडर बंद. दूध, अंडी, पालेभाज्या द्या, काही दिवसांनी पुन्हा तपासू. उतरेल." जाऊ बाहेर पायरीवर येऊन बसली आणि पोरीला कवटाळून रडली. पोर म्हणाली, "आई, सोड ना, गरम होतंय."

संध्याकाळी गट जमला. एक जण म्हणाली, "गपचूप बंद करू. बोभाटा झाला तर साधी पावडरपण कोन घेनार नाय."

जाऊ तिच्याकडं वळली. "मला कलला म्हनून मी पोरीला दाखवली. बाकीच्यांच्या पोरांचं काय? त्यांना कोन सांगल?"

विकलेले सगळे पुडे परत आणायचं ठरलं.

मग माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघी दारोदार फिरलो. मी गाडी चालवायची, जाऊ मागं पोतं धरून बसायची. वसाहतीत एका गृहस्थानं आम्हाला उंबऱ्याबाहेरच झापलं. जाऊ मान खाली घालून ऐकत राहिली, मग म्हणाली, "दादा, पुडा तेवढा द्या." एका आजींनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. कबड्डीच्या मैदानावर मात्र आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. मुली भोवती जमल्या.

"आमाला काय झालं असंल तर?" त्यांच्या कॅप्टननं विचारलं.

"तुमचं सगल्यांचं रगत आमी तपासून देऊ," जाऊ म्हणाली. आणि आम्ही ते करून दिलं. मुलींचे रिपोर्ट चांगले आले. तेव्हा कुठं जावेला झोप लागली.

दरम्यान लॅबनं एकेक जिन्नस वेगळा तपासला. नागली, चणे, शेंगदाणे स्वच्छ निघाले. दोष त्या सुट्या कोकोत होता. आम्ही कोको काढून टाकला, वेलची आणि जायफळ घातलं, पुन्हा नमुना पाठवला. या वेळी पावडर स्वच्छ निघाली हे फोनवर लॅबमधल्या बाईंचा आवाजच सांगत होता.

पहिला नवा पुडा कबड्डीच्या कॅप्टननं नेला. म्हणाली, "मावशी, चव काय बी असू दे, पावडर बंद करू नका. सकाळी सरावाला कितीतरी पोरी उपाशी येतात."

पोरीच्या रक्तातलं शिसं पुढच्या तपासणीत उतरलं. साधी पावडर ती अजून पीत नाही. जाऊ तिला त्याच पिठाचे गुळातले लाडू वळून देते, ते खाते. परवा मुरबाडच्या एका गटानं जावेला बोलावलं होतं. त्यांना लाडू विकायचे आहेत आणि आधी काय काय तपासायचं ते विचारायचं होतं. जाण्यापूर्वी जाऊ आरशापुढं उभी राहून पदर नीट करत होती. "मी काय बोलू गो तिथं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "जे झालं ते सांगा."

ती गेली, आणि दिवेलागणीला आली ती बोलून बोलून घसा बसवूनच.