दात नसलेल्यांची पुस्तकं

दात न आलेल्या पोराला पुस्तक कशाला? हे मी ताईला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, लसींच्या फ्रिजला टेकून उभ्या असणाऱ्या कंपाउंडरलाही विचारलं. उत्तराऐवजी किस्से मिळत गेले. दारव्ह्याच्या त्या बाळांच्या दवाखान्यात ते औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे साचतात. फेकायला कोणाला वेळ नसतो.

ताई, माझी मोठी बहीण, तिथे नर्स होती. लसीला आलेल्या प्रत्येक बाळाला डॉक्टर एका संस्थेने पाठवलेल्या पेटीतलं चित्रांचं पुस्तक द्यायचे, ते वाचून दाखवायचं काम तिचं. मी बोरी अरबहून जीपमध्ये बाया-पोरं कोंबून आणायचो. शिक्षण पाचवी, तीही गुरुजींच्या दयेने. म्हणजे अशा थोर कार्यावर मत द्यायला मीच योग्य माणूस.

*

डॉक्टर चिठ्ठीवर औषधांच्या खालीच लिहायचे, 'पुस्तक, रोज झोपताना.'

एक आजी महिन्याने नातवाला घेऊन आली. ताईने विचारलं, "वाचून दाखवलं का, आजी?"

"कायले? ताप उतरला ना बाई. फडताळात ठेवलं, बाटलीजवळ. पुढच्या तापाले कामी येईन."

*

एक साहेब आले. पोर वर्षाचं, साहेबांचा चष्मा सोनेरी.

"इंग्रजी पुस्तक नाही का? आमचा मुलगा इंग्लिश मीडियमला जाणार आहे."

मुलगा तेव्हा मराठी पुस्तकाचा कोपरा मन लावून चावत होता.

"चव सारखीच असते, साहेब," ताई म्हणाली.

*

तांड्यावरच्या रामसिंगदादाने दवाखान्यातून मिळालेलं पुस्तक पुढच्या लसीला परत दाखवायला आणलं. कोरं करकरीत, वर हळदीकुंकू.

"देवाजवळ ठेवलं बाई. रोज उदबत्ती लावतो."

"अन् पोराले?"

"पोराचा पाय लागला तं? सरस्वती हाय ते."

"दादा, सरस्वतीले लाळ चालते. पुढच्या टायमाले असंच कोरं आणलं तं सुई तुम्हाले टोचीन."

पुढच्या खेपेला पुस्तकाचं कव्हर गायब होतं. आपल्या घरात कोणी बारावीला बोर्डात आल्यासारखं ताईने ते अख्ख्या दवाखान्याला फिरवून दाखवलं. आमच्या घरात तो योग आलाच नव्हता, त्यामुळे हौस दांडगी.

*

मग ताई गेली. डेंग्यू. दिवसभर लोकांच्या पोरांचा ताप मोजणारी बाई तापाने गेली. यापेक्षा चांगला विनोद मला अजून कोणी सांगितलेला नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देवाले बी चांगली माणसं लागते." देवाकडे नर्सची भरती निघाली असावी. आम्हाला जाहिरात दिसली नाही.

डॉक्टरही आले. म्हणाले, "वाचून दाखवणारं आता कोणी नाही. बाकीच्यांना वेळ नसतो. तेरवी झाली की पुस्तकांची पेटी परत पाठवून देतो."

ताईची पेटी. मी म्हटलं, "पाठवा." रागात तोंडी दुसरं काय येणार.

*

तेरवीला आत्याने ताईच्या फोटोसमोर तिचं रोजचं वाचून दाखवायचं पुस्तक मांडलं. त्यालाही हार, त्यालाही कुंकू. पंगत बसली. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला रामसिंगदादा, मांडीवर पोर.

पोर उतरलं. लुटूलुटू चालत मी बसलो होतो तिथे, फोटोपाशी गेलं, हार ओढला आणि पुस्तक थेट तोंडात घातलं.

"अवं, घ्या ते त्याच्या हातातून," आत्या म्हणाली. रामसिंगदादा उष्ट्या हातानेच धावला.

"राहू द्या," मी म्हणालो.

पोराने पुस्तक तोंडातून काढलं. माझ्या मांडीवर येऊन बसलं आणि उलटं पुस्तक माझ्या हातात दिलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.

मी पुस्तक सुलटं केलं. ओळीखाली बोट ठेवलं. एकेक अक्षर जोडत, मोठ्याने, पहिलं पान संपवलं. पोराने ते उलटलं नाही, फाडलं. मी दुसरं सुरू केलं. वाढपी भाताचं भांडं घेऊन तसाच उभा.

"अरे, ती पेटी..." डॉक्टर बोलू लागले.

"थांबा जरा," मी म्हणालो, "वाचून राह्यलो ना."