सराईची डावी कमान

हैदराबादेतल्या आमच्या वास्तुकलेच्या शाळेत पावसाळ्यात वर्गात छत्री लागे. विद्यापीठानं शाळेसाठी कुणा जहागीरदाराचा जुना बंगला घेतला होता आणि त्याचं छप्पर चार ठिकाणी गळत होतं. इमारत कशी बांधावी हे आम्ही बादल्यांमधून वाट काढत शिकलो. गळती कशी थांबवावी हे अभ्यासक्रमात नव्हतं. दारावर मात्र संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर देखण्या उर्दू अक्षरांत शाळेची तीन तत्त्वं कोरलेली होती: सादगी, सच्चाई, मजबुती.

शाळा वयानं माझ्याहून लहान होती, पण तिचा इतिहास दर वर्षी मागच्या बाजूनं वाढत असे. स्थापनादिनी आमचे सदरसाहेब, म्हणजे शाळेचे प्रमुख, शेरवानी चढवून तो वाचून दाखवत. माझ्या पहिल्या वर्षी तो उद्घाटनापासून सुरू झाला. दुसऱ्या वर्षी बहामनी सुलतानांचे कारागीर आमचे पूर्वज निघाले. तिसऱ्या वर्षी आम्ही वेरूळपर्यंत पोचलो. चौथ्या वर्षी युद्धामुळे कागदाची टंचाई झाली, म्हणून कैलास लेण्याच्या मागे जाता आलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एका जुन्या इमारतीची मापं घेऊन नकाशा काढायचा असे. तो मंजूर झाल्याशिवाय सनद मिळत नसे, आणि सनदेशिवाय सरकारी नोकरी नव्हती. वडिलांनी नोकरीची बातमी आधीच गावभर केली होती. मी परंड्याचा. किल्ल्याचं नाव काढलं तर सदरसाहेब म्हणाले, तो फार मोठा आहे. म्हणून मी बाजाराजवळची सराई घेतली. वाटसरूंनी उतरायची साधी दगडी इमारत, समोर दोन कमानी. सुट्टीत जाऊन मी मापाची फीत लावली. डावी कमान सात हात भरली, उजवी पाच.

सराईची देखभाल एका मिस्त्रीच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होती. म्हातारा मिस्त्री माझी फीत बघत कट्ट्यावर बसला होता. मी विचारलं, "चाचा, ही एवढी रुंद का?"

"तुला ईट गावची कडब्याची गाडी ठावं न्हाय व्हय?" तो म्हणाला. "डावीतून गाडी, उजवीतून माणूस. ज्यानं बांधली त्यानं आधी गाडी मोजली, मग कमान. तुमच्या शाळंत आधी काय मोजत्यात?"

आमच्या शाळेत आधी समासाची पट्टी मोजत.

नकाशाची गुंडाळी घेऊन मी परत निघालो. परंड्याहून रेल्वेसाठी कुर्डुवाडीला जाताना निजामाची हद्द संपे, तिथं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गुंडाळी उलगडली, उलटी धरली, बराच वेळ बघितली आणि "चांगलं आहे" म्हणून परत दिली. त्या नकाशाला मिळालेला तो पहिला आणि प्रामाणिक अभिप्राय.

दुसरा सदरसाहेबांचा. "मियाँ, ये कमानें बराबर क्यूँ नहीं?"

"साहेब, तशीच आहेत. मी मोजली."

"तुमने नापी. देखी नहीं." मग त्यांनी मला समजावलं की थोर इमारत नेहमी समतोल असते. उजवी कमान अस्सल, डावी गावकऱ्यांनी गाड्या घालून घालून फोडलेली. मी गाडीचं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, मला सनद यंदा हवी आहे की पुढच्या वर्षी.

मी दोन्ही कमानी पाच हातांच्या काढल्या. नकाशा फार सुंदर झाला. सदरसाहेबांनी तो चौकटीत बसवून पाटीच्या आतल्या बाजूला, बरोबर 'सच्चाई'च्या मागं टांगला.

इथंच थांबलं असतं तर मी ते विसरूनही गेलो असतो. पण त्या साली सराईच्या डागडुजीचा हुकूम निघाला आणि तहसिलीनं शाळेकडून नकाशा मागवला. हुकमात लिहिलं होतं: काम नकाशाप्रमाणे व्हावे. काम पुरं झाल्यावर सदरसाहेब जातीनं पाहायला येणार होते, आणि माझी सनद त्या पाहणीनंतर निघणार होती.

मी गावी पोचलो तेव्हा मिस्त्री हुकमाचा कागद गुडघ्यावर घेऊन बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवला होता.

"डावी दोन हातानं बुजवायची म्हंत्यात," तो म्हणाला. "बाजाराच्या दिशी गाड्या कुठं जायच्या? माझ्या दारात? गाडीवान मला शिव्या देतील, तुझ्या साहेबाला न्हाय. हे पाच हात कुणी लिवले?"

"मी."

"मोजले तवा सात व्हते."

"व्हय."

"मग तू साहेबाला सांग."

"सांगितलं होतं, चाचा."

"लई हळू सांगितलं असशील," तो म्हणाला आणि उठून गेला.

त्यानं हुकमाची तामिली केली. डाव्या कमानीच्या दोन्ही अंगांना एक एक हात दगड रचले, वर बांबूची कमान वाकवून बांधली, तिला तट्ट्या ठोकल्या आणि सगळ्यावर चुन्याचा हात फिरवला. चुना फक्त वरून होता. आत दगडावर दगड नुसता ठेवलेला. मी दोन पावलांवर उभा राहून बघत होतो. या खेपेला गप्प राहा म्हणून मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

सदरसाहेब आले. हार झाले, चहा झाला. त्यांनी स्वतः फीत धरली: डावी पाच, उजवी पाच. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या कुठल्याच भाषणात पाहिला नव्हता. "अब ये इमारत अपनी अस्ली सूरत में आ गई," ते म्हणाले, आणि मिस्त्रीची पाठ थोपटली. मिस्त्री त्यांना त्या कमानीला टेकू देत नव्हता. "ओला हाय, साहेब. कपडे खराब होतील."

सनद त्याच आठवड्यात आली. खाली तीच तीन तत्त्वं छापली होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं मला बोलावणं पाठवलं. बांबू सोडून झाला होता. तो दगड उतरवत होता आणि सराईच्या मागच्या भिंतीला ओळीनं लावत होता. माझ्या हातात त्यानं खडू दिला.

"आकडे घाल. कुठला दगड कुठं व्हता ते. तुला येतं ना तेवढं?"

"कशाला, चाचा?"

"साहेब परत आला तर पुन्हा रचायला नको?"

मी खाली बसलो आणि प्रत्येक दगडावर आकडा घातला. एकाचाही आकडा चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ईटची पहिली गाडी आली, कडबा दोन्ही अंगांना बाहेर आलेला. ती डावीतून दगडाला घासत आत गेली. गाडीवानानं कमानीच्या कडेला उरलेल्या नव्या चुन्याकडं बघून विचारलं, "हे काय केलंसा, चाचा?"

"शाळा आली व्हती," मिस्त्री म्हणाला.