भूपालअण्णांची चिप आणि आमचे भंगार

भूपालअण्णांची माझी पहिली भेट टेबलफॅनच्या वाऱ्यात झाली. नंदगडहून येऊन मी बेळगावच्या आमच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी विभागात माझ्याशी कुणी धड बोलले नाही. प्रयोगशाळेत श्री. भूपाल चौगुले एका उघड्या कॉम्प्युटरला वारा घालत बसले होते. टीव्हीला जोडून चालवायचा, कीबोर्डच्याच पेटीत सगळे यंत्र असलेला तो जुना घरगुती कॉम्प्युटर. "बाई, जरा थांबा," ते म्हणाले, "ह्येची चित्राची चिप लई तापलीया. गार झाली की बोलू."

गार झाल्यावर त्यांनी आपले अर्धे टेबल मोकळे केले, खुर्ची पुसली. "हितं बसा. स्टाफरूममध्ये तुमाला जागा द्यायला ह्येंना वर्ष लागंल." विभागातली मी पहिलीच स्त्री होते. वर्षाहून जास्त लागले.

अण्णा मूळचे बोरगावचे, जैन शेतकरी घरातले. घरात कानडी आणि मराठी दोन्ही, हिशेब कानडीत आणि भांडण मराठीत, असे ते स्वतःच सांगतात. संस्थेने विद्यार्थ्यांसाठी घेतलेले ते कॉम्प्युटर पुढे जुने झाले, कपाटात गेले. त्यांतल्या टीव्हीवर चित्र काढणाऱ्या चिप एकेक करून जळत गेल्या आणि त्या बनवणारा कारखाना तर केव्हाच थांबला होता. निवृत्तीनंतर अण्णांनी मागच्या एका खोलीत बसायची परवानगी मागितली आणि ती चिप स्वतःच तयार करायला घेतली.

सिलिकॉनची चिप घरी कुणी बनवत नाही. अण्णांनी केले ते असे. हवे तसे वागायला शिकवता येते अशी आजची चिप घेतली, ती बोटभर पट्टीवर बसवली आणि पट्टीला जुन्या चिपइतकेच पाय लावले. जळालेली काढायची, त्याच सॉकेटमध्ये ही दाबायची. सांगायला एवढेच. पण जुनी चिप कोणत्या क्षणी काय करते हे मोजण्यात आणि नव्या, भलत्याच वेगवान चिपला तसेच सावकाश वागायला लावण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. विभागातले लोक याला 'अण्णांचा खेळ' म्हणत. हे म्हणणाऱ्यांतले काही जण आज अण्णांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीवर आहेत.

मूळ चिपमध्ये एक खोट होती. पडद्यावर एका ओळीत आकृत्या जास्त झाल्या की तिला झेपत नसे, शेवटची आकृती गायब होई. अण्णांनी ही खोटही जशीच्या तशी नव्या चिपमध्ये बांधली. मी विचारले, आता सुधारता येते तर का नाही सुधारत? "त्या खोटीवर इसंबून लोकांनी प्रोग्राम लिवल्यात, बाई. मी शाणपणा केला तर त्येंचं मोडंल."

आपले आराखडे त्यांनी सगळ्यांसाठी खुले ठेवले. परदेशातल्या एका गृहस्थांनी चिप उलटी बसवली, जाळली आणि अण्णांनाच चार कडक शब्द लिहून पाठवले. अण्णांनी त्यांना दुसरी चिप पाठवली, वर माफी मागितली. मी चिडले. ते म्हणाले, "उलटी बसली म्हंजे खूण मी बारीक केल्ती." त्यानंतरच्या प्रत्येक पट्टीवर त्यांनी चिपची बाजू दाखवणारी ठळक पांढरी खूण ठेवली.

आता जे लिहायचे ते या गौरव अंकाच्या संपादकांना नको आहे. 'प्रसंग आनंदाचा आहे, गोडच लिहा,' असा निरोप मला आला. मी अण्णांना विचारले. "लिवा की," ते म्हणाले, "खोटं लिवून माझं वय वाढणार हाय व्हय?"

गेल्या वर्षी अण्णांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ते घरी पडून असताना संस्थेने मागची खोली रिकामी करायला घेतली. तिथे नवा मोठा डिजिटल पडदा लावायचा होता. अण्णांनी जिवंत केलेले सगळे कॉम्प्युटर, त्यांची मोजमापाची यंत्रे, तयार चिपचे डबे भंगारात गेले. त्यांना कुणी कळवले नाही. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मीच त्यांना दवाखान्यातून आणत होते. "खोलीवरनं जाऊ," ते म्हणाले. दार उघडले तर आत फक्त चुन्याचा वास.

प्राचार्य म्हणाले, "चौगुले सर, जुनं सामान होतं. तुम्ही पण आता विश्रांती घ्या."

अण्णांनी फक्त भंगारवाल्याचा पत्ता विचारला. तिथे पोचलो तेव्हा पेट्या फोडून झाल्या होत्या. आतले बोर्ड गाडीत भरून गेले होते, वितळवायला. दुकानदार बिचारा भला, त्याने अण्णांना खुर्ची दिली, चहा मागवला. "आधी सांगिटलं असतं तर ठेवलं असतं की वो," म्हणाला. अण्णांनी चहा पूर्ण प्याला. शहापुरातल्या त्यांच्या गल्लीत रिक्षा थांबली. दारात त्यांच्या पत्नी शांताआक्कांनी विचारले, "दिसतंय का हो नीट?"

"दिसतंय," ते म्हणाले. "आज दिसलं नसतं तरी चाललं असतं गं."

महिनाभर त्यांनी हातात सोल्डरिंगचे यंत्र धरले नाही. मग एका परदेशी मुलीचा निरोप आला की वडिलांचा कॉम्प्युटर बंद पडला आहे, चिप मिळेल का. शेजारच्या यंत्रमागांनी घरातले टेबल हादरते, म्हणून अण्णा आता माग बंद असलेल्या दिवशी घरीच जोडकाम करतात. संस्थेकडे त्यांनी एका कोपऱ्याची विनंती केली होती. 'बघू' असे उत्तर आले. ती खोली अजून कुलपात आहे. पडदा खोक्यातून निघालेला नाही. आणि संस्थेच्या नव्या माहितीपत्रकावर अण्णांचा फोटो मात्र आहे, त्यांना न विचारता छापलेला.

अण्णांची पंचाहत्तरी आपण साजरी करतो आहोत. त्यांचा डोळा असाच स्वच्छ राहो, हात थरथरू नयेत, शांताआक्कांचा सहवास त्यांना पुष्कळ वर्षे मिळो. समारंभात मिळणारी शाल त्यांनी ठेवून घ्यावी, थंडीत उपयोगी पडेल. आमच्याकडून याहून अधिक कशाची वाट मात्र त्यांनी पाहू नये. म्हणजे प्रकृती उत्तम राहील.