आमचा क्रू बेटावर, इकडे गायी खोळंबलेल्या

“तुमच्या मिनिस्टरचं भाषण माझ्या गायींना ऐकवू का? तेवढ्यानं दूध निघत असेल तर ऐकवतो!”

डग फोनवर ओरडत होता आणि मी फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकत होते. डग म्हणजे आमच्या हॅमिल्टन शहरापासून तासाभरावरच्या एका दरीतला डेअरी फार्मर. आदल्या रात्रीच्या वादळात त्याच्या दरीची वीज गेली होती.

“काम चालू आहे डग, लवकरच येईल वीज,” मी म्हटलं. कंपनीचं ठरलेलं वाक्य होतं ते.

“कोण करतंय काम? तुमचे चांगले लाइनमन तर तिकडे नारळाच्या झाडाखाली बसलेत!” म्हणाला आणि फोन आपटला.

मी लाइन्स कंपनीत नेटवर्क इंजिनियर आहे. न्यूझीलंडमध्ये वीज विकणारी कंपनी वेगळी आणि खांब-तारा सांभाळणारी वेगळी. खांबवाली ती लाइन्स कंपनी. वीज असते तेव्हा आमचं नावही कुणाला ठाऊक नसतं, गेली की मात्र सगळ्यांना पाठ असतं.

नारळाचं प्रकरण असं होतं. आठवडाभर आधी पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटावर चक्रीवादळ आदळलं. खांब आडवे झाले, हॉस्पिटल अंधारात गेलं. सरकारनं परदेशी मदतीच्या फंडातून लाइनमन पाठवायचं ठरवलं. आम्ही आमचा सगळ्यात तयार क्रू दिला. एअरपोर्टवर मिनिस्टरबरोबर फोटो निघाले. आणि मग त्या वादळाचा धाकटा भाऊ म्हणावा असं दुसरं वादळ आमच्याच डोक्यावर येऊन बसलं.

शहराची वीज आम्ही सकाळीच आणली. नदीच्या अलीकडचे फार्मही उजळले. राहिला तो डगच्या दरीचा फीडर. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून एका भागाला वीज नेणारी मुख्य लाइन. ती दरीत ठिकठिकाणी झाडांखाली चेंगरली होती, आणि तिथे लावायला पुरेशी माणसं नव्हती.

वाचकांना वाटेल, दोन-तीन दिवस वीज नसली तर काय बिघडलं? आमच्या नाशिककडे उन्हाळ्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण इथल्या फार्मवर शेकडो गायी. पाटावर बसून धार काढायचा प्रश्नच नाही, दूध मशिन काढतं. वेळेवर दूध निघालं नाही की कास दगडासारखी घट्ट होते, गाय तापानं फणफणते. निघालं आणि थंड ठेवता आलं नाही, तर ते ओतून द्यावं लागतं. या देशाचं घर बरंचसं दुधावर चालतं. थोडक्यात, देशाच्या कमाईचा एक तुकडा त्या दरीत हंबरत उभा होता.

रेडिओवर लोक फोन करून तावातावानं बोलत होते. आपले रस्ते उखडलेत, दवाखान्यात ताटकळावं लागतंय, आणि सरकार बाहेर मदत वाटतंय. दुपारी नवऱ्याचा, संदीपचा फोन आला.

“अगं, बोलावून घ्या ना त्यांना परत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं झालंय तुमचं.”

मलाही तेच वाटत होतं. आधी पोटोबा. मी उठून अरोहाच्या केबिनमध्ये गेले. अरोहा आमची ऑपरेशन्स मॅनेजर, माओरी, आवाज कधी न चढवणारी बाई. मी म्हटलं, “क्रूला परत बोलवू या. दरी तापलीय.”

“किती वाचेल त्यानं?”

मी हिशेब मांडला. विमान मिळायचं, प्रवास, सक्तीची विश्रांती. “क्रू इथेच असता तर वीज उद्या आली असती. आता तीन दिवस. आत्ता बोलावलं तर दोन.”

तिनं बेटावर फोन लावला. टेविता, आमच्या क्रूचा प्रमुख, हॅमिल्टनमध्येच वाढलेला, फोनवर आला. मागे जनरेटर धडधडत होता.

“हॉस्पिटलची लाइन अर्धी उभी आहे,” तो म्हणाला. “या जनरेटरचं डिझेल संपत आलंय आणि जहाजाचा पत्ता नाही. तुम्ही सांगाल तर निघतो. पण आम्ही निघालो तर पुढचे खांब उभे करणारं इथे कुणी नाही.”

अरोहानं फोन ठेवला आणि जॅकेट उचललं. “चल.”

“कुठे?”

“दरीत. एक दिवस त्यांचा आहे. तो खर्च करायचा की नाही हे त्यांना विचारायला नको?”

माझ्या भारतातल्या नोकरीत वीज गेलेल्या गावात साहेब पोलिसांशिवाय गेलेला मी पाहिला नव्हता. इथे दोघी बायका आपणहून चाललो होतो.

दरीतला हॉल लाकडी, छोटा. दाराबाहेर चिखलानं माखलेल्या गमबुटांची रांग. आत सगळे मोज्यांवर. गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं, टेबलावर कुणीतरी स्कोन्स, म्हणजे गोडसर छोटे पाव, मांडलेले. भांडायला जमले तरी खायचं आणायला ही माणसं विसरत नाहीत.

“किया ओरा,” अरोहानं माओरीत नमस्कार केला आणि थेट मुद्द्यावर आली. ना माफी, ना प्रस्तावना. “तुमची वीज तीन दिवसांनी येईल. आमचा क्रू बेटावर नसता तर उद्याच आली असती. आत्ता परत बोलावला तर दोन दिवसांनी येईल. तो तिथल्या हॉस्पिटलची लाइन उभी करतोय. तुम्ही म्हणाल तर मी इथूनच फोन करते.”

मी मान खाली घातली. कस्टमरला इतकं खरं कुणी सांगतं का?

डग उभा राहिला. दाराएवढा माणूस, एका मोज्याला भोक. “तीन दिवस? मग हे सकाळी का नाही सांगितलं? सकाळपासून आम्ही ‘लवकरच’ ऐकतोय! आता येईल, मग येईल म्हणून हात बांधून बसलोय!”

त्यानं माझं नाव घेतलं नाही. पण बघत माझ्याकडेच होता. माझे कान गरम झाले.

“आणि ही मदत देणार कोण, तर वेलिंग्टनचं सरकार,” तो पुढे म्हणाला. “भरणार कोण, तर माझ्या गायी. माझ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्त करायला यांच्याकडे पैसे नाहीत.”

“खरं आहे,” अरोहा म्हणाली.

त्याला बहुधा वादाची अपेक्षा होती. तो जरा अडखळला. “केवढं आहे ते हॉस्पिटल?”

“लहानच. बाळंतपणाची खोली, ऑपरेशनची एक, आणि लशींचा फ्रिज.”

“फ्रिज बंद पडला तर लशींचं काय करतात?”

“फेकून देतात.”

गार न राहिलेलं दूध ओतून देणं काय असतं हे त्या हॉलमध्ये कुणाला समजावायची गरज नव्हती.

“मला हे पटलेलं नाही,” शेवटी डग म्हणाला. “अजिबात नाही. पण तीन दिवस म्हणजे तीन दिवस ना? चौथा नाही?”

अरोहानं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. “तीन. मी सांगते.”

“ठीक. मग नदीपलीकडच्या लोकांची वीज आलीय. त्यांचे जनरेटर रिकामे पडले असतील. कुणाला विचारलंय का?”

कुणीच विचारलं नव्हतं. वीज लवकरच येणार होती ना!

मग त्या हॉलची तऱ्हाच बदलली. इथे ट्रॅक्टरला मागे जोडून चालवायचे जनरेटर असतात, ट्रॅक्टर फिरवेल तशी वीज तयार होते. माणसं फोनवर तुटून पडली. तीन जनरेटर मिळाले. डगकडे सगळ्यात मोठा ट्रॅक्टर, तर तो एक जनरेटर घेऊन एकेका शेडवर फिरणार. गायींचं दूध दिवसातून एकदाच काढायचं, निघालं की लगेच हॅमिल्टनजवळच्या ‘ते रापा’ इथल्या दूध कारखान्याचा टँकर येऊन उचलणार. कुणाची पाळी आधी यावर थोडी बाचाबाची झाली. ज्याच्या गायी सगळ्यात जास्त खोळंबल्या होत्या त्याला पहिली पाळी मिळाली. तो डग नव्हता. डगची पाळी शेवटची.

क्रूला बोलवा, असं कुणी म्हटलंच नाही. मतदान नाही, टाळ्या नाहीत. एक जण निघताना अरोहाला “स्वीट अ‍ॅज” म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, आणि गमबूट चढवून चालता झाला. माझे मात्र डोळे भरून आले होते. उदारपणावर भाषणं मी खूप ऐकलीत. उदारपणा इतका कुरकुरत, इतका कामाला जुंपलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी स्कोन खात बसले, म्हणजे तोंड लपवायला कारण मिळालं.

पुढचे तीन दिवस उरलेला क्रू आणि मी जवळजवळ दरीतच राहिलो. दिलेला शब्द पाळायचा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी टेविताचा फोन आला: हॉस्पिटल उजळलं, फ्रिज चालू. त्याच संध्याकाळी मी डगच्या फीडरचा स्विच चढवला. दरीत काही गायी आजारी पडल्या, थोडं दूध ओतावं लागलं. पहिल्या दिवसाचं. ते ‘लवकरच’चं दूध, असं मी मनाशी म्हणते.

त्यानंतर ऑफिसमधलं ते वाक्य अरोहानं काढून टाकलं. आता आम्ही दिवस सांगतो. लोक चिडतात, पण मग कामाला लागतात. परदेशी मदतीचं मला कळलेलं एवढंच, की तिची किंमत कुणीतरी भरत असतो. त्याला आधी सांगावं, म्हणजे निदान देणारा तो होतो. नाहीतर ते खिसा कापल्यासारखं होतं.

आठवड्यानं मी डगला फोन केला. त्यानं ट्रॅक्टरमध्ये स्वतःचं डिझेल जाळलं होतं, त्याची भरपाई अरोहानं मंजूर केली होती.

“बिल पाठव डग.”

“नाही पाठवत.”

“अरे, कंपनी द्यायला तयार आहे.”

“ते डिझेल माझी फॉरेन एड समज,” तो गुरगुरला. “आणि पुढच्या वेळी माझा फीडर आधी.”

फोन आपटला. पहिल्यासारखाच.