रोमन पद्धतीचा मॉर्निंग वॉक

तांजोंग पगारच्या ऑफिसातून मला काढलं, तेव्हा सिंगापूरमध्ये राहायला महिनाभर उरला होता. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली, तरच कामाचा नवा पास. नाहीतर बिऱ्हाड उचलून पुणे, आणि मुलीची परीक्षा चार महिन्यांवर. अर्ज केले. उत्तरं येईनात, तसा पाया लेबारच्या आमच्या फ्लॅटजवळच्या लायब्ररीत एसीची हवा खात बसू लागलो आणि प्राचीन रोमवरचं एक जाडजूड पुस्तक उघडलं. बायकोला सांगितलं, ‘नेटवर्किंग चालू आहे.’

पुस्तकात माझ्यासारखेच लोक भेटले. रोममध्ये बडे लोक टेकडीवर राहायचे, बाकीचे खाली दमट वस्तीत, भाड्याच्या पाच-पाच मजली इमारतींत. तिथे जितकं वर राहाल तितकं भाडं कमी, कारण पाणी जिन्यानं वाहून न्यायचं आणि आग लागली तर वरच्यांनी भाजायचं. यांच्यातला गरजू माणूस उजाडताच अंगाला लोकरीचं जड वस्त्र गुंडाळून टेकडी चढायचा आणि बड्या माणसाच्या दारात नमस्काराला उभा राहायचा. त्याबदल्यात शिधा मिळायचा, कधी त्याच्यासाठी कुठे शब्द टाकला जायचा.

मला माझी टेकडी सापडली: मरीन परेड, समुद्राकाठची महागडी वस्ती. तिथल्या एका कॉन्डोत माझे जुने साहेब राहत. पुण्याचेच, आता दुसऱ्या कंपनीत बरेच वर पोचलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्यांच्या गेटसमोर ‘योगायोगानं’ हजर. अंगात ब्लेझर, आत घामाची आंघोळ.

“अरे! ब्लेझर घालून वॉक?”

“नंतर मीटिंग आहे, सर.”

त्या दिवसापासून अठरा सकाळी आम्ही समुद्राकाठी चाललो. मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं ऐकली. त्यांनी “काय म्हणतंय ऑफिस?” विचारलं की मी म्हणायचो, “मजेत!” बातमी त्यांच्या कानावर गेलेलीच असणार, मोठा माणूस आपणहून विषय काढेल, अशी माझी खात्री. आपण तोंड वेंगाडायचं म्हणजे शोभत नाही.

घरी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, जस्ट आस्क हिम लाह!”

“तसं नसतं ते.”

“मग कसं असतं?” बायकोनं विचारलं. मी तिला रोमनांच्या पाण्याची अडचण सांगितली.

एकोणिसाव्या सकाळी साहेबांनी माझ्या हातात डबा ठेवला. “घे, हिनं थालीपीठं दिलीत. रोज सोबत करतोस मला.”

शिधा मिळाल्यासारखा मला एकदम धीर आला. “सर, माझी नोकरी गेलीय. पुढच्या आठवड्यात देश सोडावा लागेल.”

ते जागीच थांबले. “गाढवा, मग रोज मजेत काय म्हणत होतास?”

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

“कुठून असणार? माझ्याच टीममध्ये जागा होती. तुझं नाव डोक्यात आलंही होतं. म्हटलं, हा ब्लेझर घालून मीटिंगांना पळतोय, याला कशाला हलवा. सोमवारी ती जागा भरली.”

“बघतो कुठे काही,” असंही ते म्हणाले. आठवड्याभरात काय बघणार, हे दोघांनाही कळत होतं. तरी नेहमीच्या वळणापर्यंत चाललो.

रोमन माणूस दारात उभं राहून सरळ मागायचा, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. ती ओळ मी वाचली होती. आपल्याकडे असं चालत नाही, म्हणून पुढे गेलो होतो.

बायको दारातच उभी. “विचारलंस?”

“विचारलं.”

आवाजावरूनच तिला कळलं. शाळेला काय कळवायचं, दाखला कधी मागायचा, हे आम्ही उभ्याउभ्याच ठरवलं. मुलीला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ती तीनला आली. मी म्हटलं, आधी जेवून घे.