चार बोटं मार्जिन

कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाईमाणसाला मास्तर कसं म्हणता, असं कुणी नव्यानं आलेल्यानं विचारलं, की जुनी मंडळी त्याला कटिंगच्या टेबलाशी नेऊन उभं करत. तिथं या बाई पुठ्ठ्याचे साचे मांडून खडू फिरवत असायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कुणी उजेडात आलं की मान वर न करता म्हणायच्या, "सावली काढा." मग विचारणारा आपसूक मास्तर म्हणायला लागायचा.

मास्तरांचे दोन नियम होते आणि त्यांवरून त्या मालकाशीही भांडत. भारी कापडाला कात्री लावण्याआधी तोच कपडा मांजरपाटात कच्चा शिवायचा आणि अंगावर चढवून बघायचा, हा पहिला. दुसरा, मार्जिन सढळ सोडायचं. शिलाईच्या आत दडलेलं ते जादा कापड इतर कटर दोन बोटं ठेवत, मास्तर चार. कापड वाया जातंय म्हणून मालक कुरकुरला की त्या म्हणत, "माणूस काय कायम तेवढाच राहतो? उद्या पोट सुटलं म्हणजे उसवायला काय ठेवाल?" मालकाचं स्वतःचंच पोट सुटलेलं असल्यामुळे त्याला पुढं बोलता येत नसे.

पैशाचंही त्यांनी कापडासारखंच केलं होतं. ताग्यातून आधी पाठ काढायची, मग पुढचे भाग, मग बाह्या. खिसे नि कॉलर उरलेल्या तुकड्यांत बसवायचे. तशी निवृत्तीच्या वेळी त्यांनी आधी दवाखान्याची ठेव बाजूला काढली, मग घराच्या डागडुजीची, मग महिन्याच्या खर्चाची. या तिन्हींना हात लावायचा नाही. उरलेला तुकडा हौसेचा. जावईबापूंनी दुप्पट होणारी कसलीशी योजना सुचवली, तेव्हा मास्तरांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि विषय हवापाण्यावर नेला.

ही नुसती काटकसर नव्हती. मास्तरांची आई शेवटची वर्षं मुलाकडे होती. भाऊ वाईट नव्हता, भावजयही वाईट नव्हती. पण आईच्या चष्म्याची काच फुटली आणि तिनं ते कुणाला सांगितलंच नाही, पैसे मागावे लागतील म्हणून. मास्तर भेटायला गेल्या, तर म्हातारी वर्तमानपत्र उलटं धरून बसलेली. त्या दिवशी मास्तरांनी ठरवलं, पोटच्या पोरीपुढंसुद्धा हात पसरायचा नाही. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

नवरा शहरबसचा ड्रायव्हर. सगळी वस्ती त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची. गडी हसरा, गप्पिष्ट. पण निवृत्त झाला आणि हळूहळू विझायलाच लागला म्हणा ना. पहाटे उठायचा आणि कुठं जायचं नाही हे आठवून पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. टीव्हीवर एखादी गाडी जोरात आली की याचा उजवा पाय सतरंजीवर ब्रेक दाबायचा. पुढं पुढं तोही दाबेना. जेवताना दोनच शब्द: "वाढ" आणि "पुरे". मास्तरांना ते दिसत होतं आणि रात्रंदिवस टोचत होतं.

एक दिवस ड्रायव्हरसाहेब बाहेरून आले ते हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन. मोटरहोमचं. म्हणजे आत पलंग, शेगडी, मोरी, सगळा संसार असलेली गाडी. जिथं थांबेल तिथं घर.

"हौसेच्या तुकड्यात बसेल असं वाटतं," ते म्हणाले. "नवी नाही, वापरलेली. छोटी."

"आणि दारात उभी राहून गंजली तर?"

"अगं मास्तर, आयुष्यभर लोकांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी सोडलं. मी मात्र रोज डेपोतच उतरलो."

इतक्या महिन्यांत नवरा एका दमात एवढे शब्द पहिल्यांदाच बोलला होता. त्यांनी माहितीपत्रक घेतलं, मापं वाचली आणि म्हणाल्या, "आधी मांजरपाटात शिवून बघू."

आता गाडी मांजरपाटात कशी शिवायची? तर मास्तरांनी बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं, गुडघ्यावर बसल्या आणि खडूनं फरशीवर गाडी आखली. दिवाण ओढून पलंगाच्या जागी ठेवला, इस्त्रीचं टेबल ओट्याच्या जागी, त्यावर शेगडी. पुढं दोन खुर्च्या, ड्रायव्हरची नि शेजारची. आठवडाभर या रेषेच्या आत राहायचं, खायचं, झोपायचं. आंघोळीला आणि त्या दुसऱ्या कामाला बाहेर जायची मुभा, तेवढीच. आठवड्यात एकमेकांचे गळे धरले नाहीत तर गाडी बघायला जायचं.

ड्रायव्हरसाहेबांनी आखणीकडं एकदा बघितलं, डोळे बारीक केले, तोंड उघडलं आणि मिटलं. "छान आखलंयस," ते म्हणाले.

आणि काय सांगावं, त्या खडूच्या गाडीत माणूस परत बोलायला लागला. सकाळी पुढच्या खुर्चीवर बसून विचारायचा, "बोला मास्तर, आज कुठं?" मास्तर म्हणायच्या समुद्र, की हा रस्ता सांगायचा, वाटेत घाट कुठं लागेल, हवा कुठं तपासायची, सगळं. कांदा स्वतः चिरायला लागला. पत्त्यांत लबाडी करायला लागला. मास्तर पलंगाकडं निघाल्या आणि हा ओट्याकडं, तरी दोघं मधल्या बोळातून अंग न चोरता जात. "ऐसपैस आहे हो," मास्तर म्हणायच्या, आणि ड्रायव्हरसाहेब तेवढ्यात काहीतरी शोधायला खाली वाकायचे.

मधेच लेक आली. ती सरळ दिवाणाकडं चालत गेली, तर आईनं तिला तिथंच थांबवलं.

"भिंतीतून काय येतेस? दार तिकडं आहे."

लेकीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "आई, तुम्ही दोघं बरे आहात ना?"

"बरं म्हणजे? परवा डोंगरावर होतो आम्ही," बाबा म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. लेक निमूटपणे दारातून आत आली. गाडीचा सगळा बेत ऐकला आणि निघताना आईला बाजूला घेऊन म्हणाली, "घेऊन टाक गं. बाबांना असं हसताना बघून किती दिवस झाले. पैसे कमी पडले तर मी आहे." शेवटचं वाक्य पोरीनं प्रेमानंच उच्चारलं होतं, पण मास्तरांना आईचा फुटका चष्मा आठवला.

आठवडा संपला. "ट्रायल बसली," मास्तर म्हणाल्या, आणि दोघं जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडं गेले. छोटी मोटरहोम कोपऱ्यात उभी होती. पांढरी, नीटनेटकी, किंमत हौसेच्या तुकड्यात बसणारी. मास्तर आत चढल्या, पलंग दाबून बघितला, कपाटं उघडली, मान डोलावली आणि पुढं यायला निघाल्या. ड्रायव्हरसाहेब पुढून मागं यायला निघाले. बोळाच्या मध्यावर दोघांची गाठ पडली आणि तिथंच ती अडकली. हे इकडं सरकले, त्या तिकडं सरकल्या, कपाटाची मूठ मास्तरांच्या बरगडीत घुसली. शेवटी ड्रायव्हरसाहेब उलट्या पावली मागं गेले, बस डेपोत लावतात तसे.

मास्तरांनी पर्समधून टेप काढली. माप घेतलं. माहितीपत्रकात बघितलं. पुन्हा माप घेतलं. गाडीत आणि कागदावर मेळ होता, कागदात आणि खडूत नव्हता. हळूहळू त्यांचं तोंड उतरत गेलं. गुडघ्यावर बसून आखताना हातानं सवयीप्रमाणं इकडं चार बोटं सोडली होती, तिकडं चार बोटं सोडली होती. दिवाण आणि टेबल मापाचेच, म्हणून ते सगळं जादा मार्जिन मधल्या बोळात जमा झालं होतं. चाळीस वर्षं कटिंग केलेली बाई, आणि गाडीला उसवायला कापड ठेवत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विक्रेता हुशार. तो लगेच शेजारच्या मोठ्या गाडीकडं घेऊन गेला. "ताई, तुमचं माप हिच्यात बसेल. एखादी ठेव मोडलीत की झालं. पैसा शेवटी कशासाठी असतो?"

बसत होतं. अगदी खडूसारखं. आणि किमतीत दवाखान्याची ठेव बरोबर संपत होती.

मास्तर नवऱ्याकडं वळल्या. ड्रायव्हरसाहेब मोठ्या गाडीचं चाक बघत होते, आणि जितकं मन लावून बघत होते त्यावरून मास्तरांना सगळं कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"आयुष्य गेलं बस चालवण्यात. रुंदी डोळ्याला कळते."

"कधी कळलं?"

"तू आखलंस तेव्हाच."

"आणि आठवडाभर तोंडाला कुलूप? मी ऐसपैस ऐसपैस म्हणून नाचतेय आणि तुम्ही खाली वाकून हसताय?"

"हसत नव्हतो," ते म्हणाले. "भीती वाटत होती. बोललो असतो तर तू पुसून परत आखलं असतंस आणि मग नको म्हणाली असतीस. मला वाटलं, आठवडा तर आठवडा."

मास्तरांचा राग इतका चढला की जे तोंडून निघालं ते भलतंच होतं. फुटका चष्मा, उलटं वर्तमानपत्र, पैसे मागायला लाजणारी आई, सगळं तिथं, गाड्यांच्या मधोमध उभं राहून. विक्रेता बिचारा लांब जाऊन कुणालातरी फोन करायला लागला. बोलून झाल्यावर मास्तरांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "म्हणून नाही मोडायची ती ठेव."

ड्रायव्हरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "नाहीच मोडायची," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतंस तर माहितीपत्रक आणलंच नसतं. चल, घरी जाऊ." ते रुसून बोलत नव्हते, मनापासून बोलत होते. वळले आणि बस थांब्याकडं चालायला लागले.

मास्तर पाठमोऱ्या नवऱ्याकडं बघत राहिल्या. अंगातला शर्ट त्यांनीच शिवलेला, चार बोटं मार्जिनचा. उसवायची वेळ कधी आलीच नव्हती. उलट खांद्यांची शिलाई दंडावर उतरली होती आणि पाठीवर कापडाचा झोळ पडला होता. माणूस कायम तेवढाच राहत नाही, हे त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलं, पण तो आत आत जातो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला.

"अहो, थांबा. छोटी घेऊ."

ते थांबले. "बोळात दोघं मावत नाही आपण."

"मग एकानं बाहेर जायचं. घरात रेषेबाहेर जायची मुभा नव्हती म्हणून रुंदी लागली. गाडी घ्यायची ती बाहेर जायलाच ना?"

"आणि पुढं पैशाची गरज पडली तर?"

"तर आधी गाडी विकायची. ठेवी आहेत तिथं राहतील. कबूल?"

"कबूल," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. मग ते परत चाकाकडं बघायला गेले, या वेळी छोट्या गाडीच्या.

पुढचा तासभर मास्तरांनी विक्रेत्याला असा घोळात घेतला की त्यानं किंमत उतरवली, टायर बदलून दिले आणि वर पडदे देतो म्हणाला. पडदे मास्तरांनी नाकारले. कापड हलकं होतं.

पहिल्या मुक्कामी त्यांनी गाडी तळ्याकाठी लावली. सकाळी मास्तर आत चहा करत होत्या. ड्रायव्हरसाहेब बाहेर झाडाला आरसा अडकवून दाढी करत होते, शीळ घालत. जरा वेळानं ते टॉवेल विसरला म्हणून आत आले. मास्तर ओट्याला चिकटून उभ्या राहिल्या, ते अंगाला अंग घासून मागं गेले आणि तसेच परत आले. मग कंगवा विसरला. मग चष्मा. मास्तर दर वेळी चहाचं भांडं सांभाळत पोट आत घेत होत्या आणि दर वेळी वैतागून म्हणत होत्या, एकदाच काय ते न्या. मग ते साबण घ्यायला आले, तेव्हा साबण त्यांच्या हातातच होता. मास्तरांनी तो बघितला, गॅस बारीक केला, आणि या वेळी पोट आत घेतलं नाही.