न मोजलेली पेज

पाय ओले दिसले, ओले लागले नाहीत. कार्तिक सरत आला होता, धान कापणीला टेकलं होतं आणि कोवळ्या उन्हात धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत दवानं नुसतं निथळत होतं. वहाणा हातात घेऊन मी आमच्या धानाच्या बांधीच्या कडेकडेनं अनवाणी चाललो होतो, कारण त्या गारव्याचा मला लहानपणापासून लोभ आहे. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर सहज खाली पाहिलं. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत भिजलेली, बोटांना गवताचं बी चिकटलेलं, आणि तळव्यांना त्याची वार्ताही नाही! डोळ्यांना दिसतं ते पाणी देहाला कळत नाही, हे काय झालं? मी तिथंच धुऱ्यावर बसलो आणि लहान मुलासारखे तळवे चोळत राहिलो.

भीती अनोळखी असती तर मी एवढा हादरलो नसतो. ही ओळखीची होती. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, त्याचंही असंच सुरू झालं होतं. कापणीनंतरच्या बांधीत धानाचा खुंट त्याच्या अंगठ्यात घुसला आणि त्याला पत्ताच नाही. अंगणात रक्ताचे ठसे मायनं पाहिले आणि तिनं विचारलं, "हे कोनाचं रे बाप्पा?" दादा हसला होता. मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि दोन वर्षांत दादाच गेला. तो विधुर होता, पोरं शिकायला बाहेर. त्याचं सगळं मायनंच केलं, आणि थोडंफार मी. मधुमेह हा शब्द उच्चारायला किती मधुर आहे, नाही? ज्यानं कुणी या रोगाला हे नाव दिलं, त्यानं कुणाचा कापलेला पाय पाहिला नसावा.

मी गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडच्या एका गावात शाळामास्तर आहे, भूगोल शिकवतो. म्हणजे जगातल्या सगळ्या पर्वतांची उंची मला ठाऊक, आणि स्वतःच्या पोटाचा घेर मात्र शिंप्यानं सांगावा तेव्हा कळायचा. शाळेत खुर्ची, रस्त्यावर मोटारसायकल आणि घरी तीन वेळचा भात, या त्रिवेणी संगमावर माझा देह पन्नाशीपर्यंत सुखेनैव विस्तारला होता. आणि भात म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळतं. पानात भाताचा डोंगर, त्यात वरणासाठी खळगा, बाजूला भाजी असली तर असली. पाहुण्याला आम्ही 'जेवले काय' असं विचारत नाही, थेट ताट मांडतो. धुऱ्यावरच्या त्या सकाळनंतर मी तपासून घेतलं, मलाही मधुमेह निघाला, आणि अशा घरात गोंदियाच्या डॉक्टरांचा कागद आला: भात एका वेळी एक वाटी, रोज पाऊण तास चालणं, वजन उतरलंच पाहिजे. 'नाहीतर'च्या पुढचं ते बोलले नाहीत, माझ्या पायांकडे पाहिलं फक्त.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, कपाटातून एक स्टीलची वाटी काढून बाजूला ठेवली आणि सांगितलं की आजपासून ही तुमची. मायला ते काही केल्या पटेना. "वाटीनं भात? अन्नप्राशनाचं लेकरू हाये काय तू?" आणि त्यात दुसरी अडचण अशी की आमच्याकडे भात एकदाच वाढत नाहीत. एकदाच वाढायचा तो पितरांच्या पानात. जित्या माणसाला पुन्हा वाढायचाच, नको म्हटलं तरी. वाटीभर भात पानात पडला की माय पळी घेऊन तशीच उभी राहायची. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसायचं त्याला हट्ट म्हणू नका, तीही भीतीच होती. एक लेक तिनं गमावला होता, दुसऱ्याच्या पानात ती अशुभ कसं वाढणार? शेवटी सुनंदानंच तोड काढली, अर्धी वाटी आधी, अर्धी वाटी मग. माझ्या देहाचा तह असा दोन पळ्यांत झाला.

आणि चालणं! शहरातल्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. गावात माणूस चालतो तो कुठंतरी जायला. कुठंही न जाता, वेळेवर निघून, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, टोकापर्यंत जाऊन तसाच परत येणारा माणूस आमच्याकडे एकतर वेडा असतो किंवा त्याची गाडी बिघडलेली असते. पहिल्या आठवड्यात निदान दहा मोटारसायकली माझ्याजवळ थांबल्या असतील. "गुरुजी, बसा ना! कायले पायी जाऊन राहिले?" नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. दोनदा तर मी निमूटपणे बसलो, घरापाशी उतरलो आणि पुन्हा पाळीवर चालत गेलो. पुढं गावाला सवय झाली, पण मग प्रश्न बदलला. "गुरुजी, लय सुकून राहिले तुमी. तब्येत बरी हाये ना?" विचारणाऱ्याची नजर हळूच माझ्या पायांकडे उतरायची, आणि त्याला दादा आठवला हे मला कळायचं. माझी विजार कमरेत सैल झाली म्हणून मी खूश व्हावं की घाबरावं? आमच्या गावात बारीक होणं हे अजून बरं होण्याचं लक्षण मानत नाहीत.

पण खरं सांगू? ते तीन महिने मी सुखीही होतो. पाळीवर एका बाजूला तलावाचं विस्तीर्ण, निःशब्द पाणी, दुसऱ्या बाजूला कापणी होऊन मोकळ्या झालेल्या बांध्या, आणि मधून आपण, स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत चाललेले. भूक नावाची गोष्ट मला कित्येक वर्षांनी भेटली. पूर्वी मी वेळ झाली म्हणून जेवायचो, आता भूक लागली म्हणून जेवू लागलो. वाटीभर भाताचा प्रत्येक घास चवीनं खाताना वाटायचं, इतकी वर्षं आपण भात खाल्ला की नुसता रिचवला? संध्याकाळी मात्र दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून मी त्यात तळवे निरखून पाहायचो. कुठं काटा, कुठं फोड, कुठं रक्त. एकदा मायनं मला तसं पाहिलं. ती तशीच आत निघून गेली.

तीन महिन्यांनी तपासणी झाली आणि वजन सुरुवातीला उतरलं तेवढंच उतरून अडलेलं. साखर होती तिथंच. जिवाच्या आकांतानं केलेल्या तपश्चर्येचं हे फळ? डॉक्टर माझ्याकडे संशयानं पाहू लागले, मी चोरून खातो असं त्यांना वाटत असावं. अहो, मी शाळेत वाढदिवसाची गोळीसुद्धा तोंडात टाकत नव्हतो! त्या दिवसापासून झोप उडाली, चिडचिड वाढली, सुनंदावर ओरडलो, वर्गात एका मुलीवर विनाकारण खेकसलो. चूक केल्यावर शिक्षा झाली तर माणूस सोसतो. पण सगळं नीट करूनही जेव्हा शिक्षा टळत नाही, तेव्हा जी भीती वाटते तिला तळ नसतो. दादाचं जे झालं तेच माझं होणार, कुळातच ते आहे, वाट्या मोजून काही होत नाही, असं मला रात्रंदिवस वाटू लागलं.

डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. गोंदियातल्याच त्या, बोलणं हिंदी. म्हणाल्या, "गुरुजी, सुबह से रात तक मुँह में जो-जो जाता है, सब बताओ." मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "और पीते क्या हो?" मी म्हणालो, पाणी, बिनसाखरेचा चहा, आणि पेज. त्यांचं पेन थांबलं. किती पेज? मी विचार केला. सकाळी एक मोठा पेला, दुपारी शाळेतून आल्यावर एक, संध्याकाळी चालून आल्यावर घामाघूम होतो तेव्हा एक, कधी दोन. भात शिजत आला की झाकण लावून गंज, म्हणजे भाताचं पातेलं, कलंडवायचा आणि जे दाट, पांढरं पाणी भांड्यात उतरतं ती पेज. चिमूटभर मीठ घालून आम्ही ती जन्मापासून पितो. भात कमी झाल्यापासून मायनं माझी पेज वाढवली होती, तळाशी थोडी शितंही राहू द्यायची. "भात नाई त नाई, पेज त पे. पानीच हाये ते." आणि मीही ते पाणीच समजत होतो. पाणी कुणी मोजतं का? बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, वह भी चावल ही है."

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा खरोखर हर्ष झाला होता. कारण सापडलं! कुळाचा शाप वगैरे काही नाही, तीन पेले पेज! बल्लारशाच्या गाडीत खिडकीशी बसलो, गाडी सुटली, आणि सौंदड येईपर्यंत तो हर्ष पार विरून गेला. कारण मला दादाची खाट आठवली. डॉक्टरांनी त्यालाही भात बंद केला होता, आणि मायनं ती आज्ञा व्रतासारखी पाळली होती. शेवटची दोन वर्षं भाताचं एक शीत तिनं दादाच्या पानात पडू दिलं नाही. मग त्याला ताकद कशी राहणार, म्हणून ती त्याला पेज पाजायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पेल्यामागून पेला, मायेनं, फुंकर घालून, पदरानं त्याचे ओठ पुसत. डबा प्रवाशांनी भरलेला होता, मी तोंड खिडकीबाहेर वळवून बसलो.

हे मायला कसं सांगायचं? पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला सांगायचं, की तू जे औषध म्हणून दिलंस तेच त्याचं दुखणं होतं? एकट्या पेजेनं दादा गेला नसेल, औषधांत हयगय झाली असेल, जखम उशिरा दिसली असेल. पण आईचं काळीज असा विचार करतं का? पायाची भीती तोवर माझ्या एकट्याची होती. ही नवी भीती घरभर पसरणारी होती, आणि तिच्यापुढे पहिली मला लहान वाटली.

पेज टाळायला तीन दिवस मी पोट बिघडल्याचं सोंग केलं. चौथ्या दिवशी माय चिडलीच. "पोट बिघडलं त पेजच पेतेत ना रे!" मी खाली मान घालून सांगितलं की डॉक्टरनं बंद केली. "पेजबी? काऊन?" त्यात भाताचाच अंश असतो म्हणून, मी म्हणालो. पेला तिच्या हातात तसाच होता. बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मंग मोठ्याले..." मी घाईघाईनं म्हणालो, "त्याचं दुखणं अलग होतं, माय. त्याले चालत होती. मी इचारलं डाक्टरले." ती "हो काय?" म्हणाली आणि पेला खाली ठेवला. मला वाटलं, निभावलं. खोटं बोलताना शिक्षकाइतकं सराईत कुणी नसतं, अशी माझी समजूत होती.

आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की माय स्वतःही पेज पीत नाही. जन्मात जिनं पेजेवाचून दिवस सुरू केला नाही, ती आता भात वेळून निथळला की सगळी पेज गाईच्या घमेल्यात नेऊन ओतते आणि रिकामं भांडं घेऊन परत येते. तिला विचारलं तर म्हणाली, "मन नाई लागत." जेवणही तिचं अर्ध्यावर आलं होतं. माझं वजन उतरत होतं, साखर उतरू लागली होती, तळव्यांना कधी कधी फरशीचा गारवा जाणवत होता, आणि इकडे माझी माय डोळ्यांदेखत सुकत चालली होती. मला तेव्हा वाटलं ते भय मी जन्मात विसरणार नाही.

एका सकाळी ती भांडं घेऊन गोठ्याकडे निघाली तेव्हा मी तिच्या हातातून ते घेतलं. एक पेला भरला, मीठ टाकलं आणि तिच्यासमोर बसलो. "पे, माय. तुले चालते." तिनं पेला घेतला नाही. "तू खोटं बोलला ना रे त्या दिशी?" मी हो म्हणालो. आणि मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते तोंडून बाहेर पडलं. "तू एकटीनं नाई पाजली, माय. रविवारी, सुटीच्या दिवशी मीच पाजत होतो त्याले. शेवटच्या दिवशीबी पेला माह्याच हातात होता. मी त शिकलेला होतो."

मायनं आपला सुरकुतलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, "तुले मालूम होतं काय?"

"नाई, माय."

"मंग झालं."

एवढं बोलून तिनं पेला उचलला आणि सावकाश, घोट घोट करत, पिऊ लागली. इतके दिवस मी तिच्यासाठी भीत होतो असं मला वाटत होतं. खरं तर ते दोन शब्द कुणीतरी मला म्हणावेत म्हणून मी तळमळत होतो.